मुंबई एशियाटिकचे जुने खंड : काही महिने वापरल्यानंतर

नाशिकच्या पांडवलेण्यांतले कोरीव लेख नीट समजून घ्यायचे म्हणून गेले काही महिने मी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईच्या, नियतकालिकाचे एकोणिसाव्या शतकातले खंड वाचतो आहे. लेखाचं आज मान्य असलेलं भाषांतर तेवढं हवं असेल, तर हे खंड उघडू नका. ते भाषांतर ठरत कसं गेलं हे पाहायचं असेल, तर जरूर उघडा.

पाचव्या खंडात जॉन स्टीव्हनसन यांनी नाशिकचे लेख लावले, तेही लेफ्टनंट ब्रेट यांनी उतरवून आणलेल्या नकलांवरून. सातव्या खंडात ई. डब्ल्यू. आणि ए. ए. वेस्ट यांनी त्याच लेखांच्या नव्या नकला छापल्या. संस्थेचं मोठेपण मला इथे दिसतं. एकदा अर्थ छापला म्हणून विषय मिटवला नाही. पुढच्याच्या हातात ताजी नक्कल दिली. मग रा. गो. भांडारकर, भगवानलाल इंद्रजी, फ्रेंच अभ्यासक सेनार अशी वाचनांची रांगच लागली. भगवानलालांना गावोगाव पाठवून लेखांच्या नकला करवून घेणारे डॉ. भाऊ दाजी लाड याच संस्थेचे. गिरनारचा रुद्रदामनाचा लेख आणि अजिंठ्याचे लेख यांवरचं त्यांचं काम याच पानांत आहे.

दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख मी पुन्हा पुन्हा वाचला. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवली: २,००० नाशिकजवळच्या गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे (कारागीर संघाकडे) शेकडा एक व्याजाने, १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजच वापरायचं. पहिल्या ठेवीतून वर्षावासातल्या (पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या) २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापणं. व्याज दरमहा धरा: महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस बारे दोनशे चाळीस! भाषांतर बरोबर आहे की नाही, हे वाचकाला असं कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं, आणि त्या क्षणी फार आनंद होतो.

त्रास आहेच. नेटवरच्या काही स्कॅन प्रतींत नकलांचे घडीचे तक्ते (दुमडून बांधलेली मोठी पानं) न उलगडताच टिपले आहेत, त्यामुळे ओळी अर्ध्यावर तुटतात. विशेषनामांची रोमन वर्तनी लेखकागणिक बदलते, म्हणून शोधपेटीत एकच रूप टाकून भागत नाही. आणि सगळं इंग्रजीत. मराठी वाचकाने आधी वा. वि. मिराशी यांनी मराठीत आणलेले सातवाहन-क्षत्रपांचे लेख वाचावेत, मग पाचवा आणि सातवा खंड शेजारी उघडावेत. नाशिकला जाणार असाल तर नकलांची पानं छापून सोबत न्या आणि तिसऱ्या लेण्यातल्या, सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखापासून सुरुवात करा.