मराठीत विचारलं तर मराठीत सापडावं: फिल्टर बरा की स्वतःची युजरस्क्रिप्ट?

सुदामानगरला मावशीकडे रविवारी पोहे खायला गेलो की पोह्यांच्या आधी लॅपटॉप पुढ्यात येतो. "अरे, मी मराठीत विचारतेय आणि हा मला हिंदीत का सांगतोय?" तक्रार रास्त आहे. इंदूरमध्ये बसून देवनागरीत काही शोधलं की हिंदी आणि मराठी पानांची खिचडी समोर येते. लिपी एकच, आणि नावंही तीच: होळकर, महेश्वर, राजवाडा. वर चित्रांच्या पाट्या, ज्यांवर टिचकी मारली की "आधी खातं उघडा".

मावशी निवृत्त शिक्षिका, होळकरांच्या काळावर लिहिते. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. नकोशा साइट्स दिसू नयेत, मराठी पानं उठून दिसावीत, आणि हे सगळं मी जवळ नसतानाही चालावं. पहिल्या दोन गोष्टी करणारे पुष्कळ मार्ग आहेत. निवड खरी होते ती तिसऱ्या अटीवर.

काहीच न बसवता काय होतं ते आधी पाहू. गूगलने २०२४ च्या मे महिन्यात 'वेब' नावाचा गाळीव निकाल आणला. शोधाच्या पत्त्यात 'यूडीएम बरोबर १४' असं जोडलं की एआयचा सारांश, चित्रांच्या पट्ट्या वगैरे बाजूला राहतात आणि साधी निळी यादी येते. दर वेळी हाताने लिहायला नको. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नवीन शोधयंत्र म्हणून हा पत्ता द्यायचा, शोधशब्दाच्या जागी टक्क्याची खूण आणि एस. पाच मिनिटांचं काम, आणि बिघडायला त्यात फारसं काही नाही. निव्वळ पसाऱ्याला कंटाळला असाल तर इथेच थांबा. भाषेचा गुंता मात्र याने सुटत नाही.

साइट्स कायमच्या हाकलायच्या असतील तर यूब्लॅकलिस्ट. हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्राम, प्रत्येक निकालाशेजारी अडवण्याची खूण ठेवतं. दाबली की ती साइट यादीत जाते आणि पुन्हा दिसत नाही. यादी ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समधून दुसऱ्या संगणकावर नेता येते, दुसऱ्या कुणाच्या तयार यादीचं सदस्यत्वही घेता येतं. बिंग किंवा डकडकगो वापरत असाल तर ती सेटिंगमध्ये वेगळी चालू करावी लागतात. अनेकजण हे विसरतात आणि एक्स्टेंशनला नावं ठेवतात. एक कमी माहीत असलेली सोय म्हणजे नियमाच्या आधी 'अ‍ॅट'ची खूण आणि १ लिहिलं तर ती साइट अडवली न जाता रंगवली जाते. मराठी विकिपीडिया आणि मराठी विश्वकोश असे रंगवले तेव्हा मावशीच्या दुसऱ्या अटीचं निम्मं काम कोडची एक ओळही न लिहिता झालं.

जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिन या एक्स्टेंशनचे 'कॉस्मेटिक', म्हणजे पानावरचे भाग लपवणारे, फिल्टर हा तिसरा मार्ग. "ज्या निकालाच्या पोटात अमुक पत्त्याचा दुवा आहे तो लपव" असा एका ओळीचा नियम लिहिता येतो, आणि मजकुरातल्या शब्दांवरूनही. ताकद भरपूर, पण लपवण्यापलीकडे फारसं काही नाही. शिवाय क्रोमने एक्स्टेंशनची जुनी चौकट बंद केल्यापासून मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे चालत नाही, त्याची 'लाइट' आवृत्ती वापरावी लागते. फायरफॉक्सवाल्यांनी खुशाल वापरावं.

आता युजरस्क्रिप्ट. इथे जरा बसून बोलायला हवं, कारण मी स्वतः यात तीन संध्याकाळी घालवल्या आहेत.

युजरस्क्रिप्ट म्हणजे पान उघडल्यावर त्यावर चालणारा आपला छोटा जावास्क्रिप्टचा तुकडा. तो चालवायला एक व्यवस्थापक लागतो. थोरला ग्रीसमंकी, २००५ पासून फायरफॉक्सवर. २०१७ मध्ये चौथ्या आवृत्तीत त्याने स्क्रिप्टनी वापरायच्या आज्ञा बदलल्या आणि असंख्य जुन्या स्क्रिप्ट रुसून बसल्या. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. टॅम्परमंकी २०१० चा. जवळपास सगळ्या ब्राउझरांत चालतो, संपादक चांगला आहे, चुका लाल करून दाखवतो, पण त्याचा कोड खुला नाही. व्हायलेंटमंकीचा कोड खुला आहे आणि तो हलका वाटतो. मी फायरफॉक्सवर तोच वापरतो. क्रोमवर टॅम्परमंकी.

क्रोममध्ये एक मेख आहे. नुसता व्यवस्थापक बसवून स्क्रिप्ट चालत नाही. त्याच्या माहितीच्या पानावर 'अलाउ युजर स्क्रिप्ट्स' नावाचं वेगळं बटण चालू करावं लागतं. हे १३८ व्या आवृत्तीपासून. त्याआधी डेव्हलपर मोड चालू करावा लागायचा. "सगळं बरोबर लिहिलंय पण काहीच होत नाही" ही तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

माझ्या स्क्रिप्टचा विचार सरळ होता. निकालाच्या मजकुरात 'आहे' सापडलं तर मराठी, 'है' सापडलं तर हिंदी. हिंदी निकाल फिकट करायचे. शब्द अख्खा जुळावा म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या साच्यात, दोन्ही बाजूंना शब्दसीमेची खूण घातली, म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि बी. स्क्रिप्ट चालवली. शून्य निकाल. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टचे निरोप दिसतात त्या खिडकीत, मजकूर छापून पाहिला तर 'आहे' डोळ्यांसमोर ढळढळीत. पुन्हा शून्य. मावशी दोनदा चहा ठेवून गेली.

कारण कळलं तेव्हा हसू आलं. जावास्क्रिप्टच्या लेखी 'शब्दातलं अक्षर' म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर, बस. 'आ' हे त्याला अक्षर वाटतच नाही. मग रिकामी जागा आणि 'आ' यांच्यामध्ये त्याला सीमा दिसणार कुठून? शेवटी मजकूर रिकाम्या जागा आणि विरामचिन्हांवर तोडला, तुकड्यांत थेट 'आहे' शोधला, आणि काम झालं. देवनागरीसाठी स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे टेबलाशेजारी लिहून ठेवावं.

दुसरा खड्डा 'अ‍ॅ'चा. मावशीला शीर्षकात 'अ‍ॅप' असलेली पानं नको होती. नियम लिहिला, काही गेली, काही तशीच. डोळ्यांना सगळी सारखी, पण आत तीन वेगळे अवतार. कुठे 'ॲ' हे एकच जोडून असलेलं अक्षर, कुठे 'अ' आणि त्यावर चंद्र, तर कुठे त्या दोघांमध्ये एक न दिसणारा जोडणारा. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण इथे उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या हिशेबी ही रूपं समान नाहीत. तुलना करण्याआधी तिन्ही रूपं स्वतःच एकात बदलून घ्यायची. दोन ओळींचं काम, पण माहीत नसेल तर दोन तास.

तिसऱ्यांदा माझाच आगाऊपणा नडला. पानावर नवे निकाल आले की कळावं म्हणून म्युटेशन ऑब्झर्व्हर (पानातल्या बदलांवर नजर ठेवणारा) लावला, आणि प्रत्येक मराठी निकालाला 'म' अशी चिमुकली पट्टी चिकटवली. पट्टी चिकटली की पान बदललं, पान बदललं की ऑब्झर्व्हर जागा झाला, जागा झाला की त्याने पुन्हा पट्टी चिकटवली. लॅपटॉपचा पंखा भर दुपारी मिक्सरसारखा घरघरायला लागला. उपाय साधा. एकदा हाताळलेल्या निकालावर खूण ठेवायची आणि खूण दिसली की पुढे जायचं.

हे तिन्ही बिघाड नीट पाहिले तर माझ्या कोडमधले. पण स्क्रिप्ट मुळात मोडते ती दुसऱ्या कारणाने: पानाची घडण बदलली की. गूगलच्या पानावरचे क्लास, म्हणजे पानाच्या भागांना दिलेली नावं, अर्थहीन अक्षरांचे असतात आणि न सांगता बदलतात. त्यांवर भरवसा ठेवलेली स्क्रिप्ट आज ना उद्या आंधळी होते. शीर्षकाचा टॅग पकडून तिथून वर चढत जाणं जास्त टिकतं, कारण दुव्याच्या आत शीर्षक ही घडण सहसा तशीच राहते. डकडकगो या बाबतीत दयाळू. तिथे प्रत्येक निकालावर वाचता येईल अशी खूण आहे. बिंगवर वेगळीच गंमत: दुव्यातला पत्ता बिंगचाच असतो, खरा पत्ता त्याच्या पोटात सांकेतिक रूपात गुंडाळलेला. पत्त्यावरून गाळणारा नियम तिथे फसतो. निकालावर छापलेला दिसणारा पत्ता वाचावा लागतो. विकिपीडियाच्या देवनागरी दुव्यांचंही तसंच, टक्क्यांच्या खुणांची माळ आधी उलगडून घ्यायची.

स्क्रिप्ट बंद पडली तर मी शोध बाहेरून आत नेतो. व्यवस्थापकाच्या चिन्हावर चालू स्क्रिप्टचा आकडा दिसतोय का? नसेल तर परवानगी किंवा 'मॅच'ची ओळ (स्क्रिप्ट कोणत्या साइट्सवर चालावी ते सांगणारी) चुकलीय. माझ्या ओळीत एकदा फक्त 'गूगल डॉट को डॉट इन' होतं, आणि २०२५ मध्ये गूगलने देशोदेशीचे पत्ते मुख्य डॉट कॉमकडे वळवायला घेतल्यावर स्क्रिप्ट गप्प झाली. आकडा दिसतोय पण परिणाम नाही, तर पहिल्या ओळीत कन्सोलला काहीतरी छापून बघा. ते छापलं गेलं तर पुढचा संशय सिलेक्टरवर (पानाचा कोणता भाग पकडायचा ते सांगणारी खूण), आणि निकाल शून्य आले तर वेळेच्या चुकीवर. निकाल यायच्या आधीच स्क्रिप्ट धावून गेलेली असते. आणि घाईत एचटीएमएलची अख्खी ओळ पानात ओतू नका. सुरक्षेचे कडक नियम असलेली पानं ती नाकारतात. घटक तयार करून त्यात मजकूर भरणं केव्हाही बरं.

तयार स्क्रिप्ट उचलायचीच असेल तर ग्रीझी फोर्क या स्क्रिप्टच्या संग्रहावर भरपूर आहेत. बसवण्याआधी 'मॅच'ची ओळ वाचा. शोधनिकाल रंगवणाऱ्या स्क्रिप्टला सगळ्या साइट्सवर चालायची परवानगी हवी असेल तर ती तुमच्या बँकेच्या पानावरही चालणार. असली स्क्रिप्ट मी घेत नाही.

स्वतःचं एक्स्टेंशन बनवावं का? दहा जणांना वाटायचं असेल तर. एकट्यासाठी तो व्याप नको. फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्तीत ते कायमचं बसवायला मोझिलाची सही लागते.

फोनवर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये यातलं एकही एक्स्टेंशन चालत नाही. फायरफॉक्समध्ये व्यवस्थापक आणि यूब्लॉक दोन्ही चालतात, म्हणून मावशीच्या फोनवर तो बसवला. तिला त्याचं चिन्ह कोल्ह्यापेक्षा मांजरासारखं वाटतं.

तर कुणी काय घ्यावं? साइट्स हाकलायच्या असतील आणि कोडशी देणंघेणं नसेल तर यूब्लॅकलिस्ट, डोळे मिटून. फायरफॉक्सवर असाल आणि एका ओळीचा नियम लिहायला भीत नसाल तर यूब्लॉक. स्क्रिप्ट त्यांच्यासाठी, ज्यांना निकालाचा मजकूर वाचून निर्णय घ्यायचाय आणि जे अधूनमधून कन्सोल उघडायला तयार आहेत. घरच्या कुणासाठी लिहीत असाल तर एक पथ्य पाळा: काढून टाकू नका, फिकट करा, कारण स्क्रिप्टचा अंदाज चुकू शकतो. 'होळकर घराणे' एवढंच शीर्षक असलं तर त्यात ना 'आहे' ना 'है', आणि खालचा उतारा अर्ध्यावर तोडलेला.

मावशीकडे आता यूब्लॅकलिस्ट आहे आणि जोडीला माझी स्क्रिप्ट. परवा तिचा फोन आला, एक फिकट झालेलं पान अस्सल मराठी निघालं. लेखकाने एक हिंदी अवतरण दिलं होतं आणि त्यातलं 'है' स्क्रिप्टला सापडलं. आता 'ळ' दिसला तर 'है'कडे दुर्लक्ष करायचं असा नियम घालून पाहतोय. हिंदीत 'ळ' सहसा येत नाही. होळकर हिंदीत होलकर होतात, ते आमच्या पथ्यावर पडलं.