ऑक्टोबरात एकट्याने सायकल: मनाली–लेह की शिमला–काझा?

पुण्याचा एक मित्र या दोन रस्त्यांत अडकलाय (काझा म्हणजे हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं गाव), ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि सोबत कोणी नाही. अंतर दोन्हीकडे सव्वाचारशेच्या आसपास, त्यामुळे किमी मोजून काही ठरत नाही.

खरा फरक मुक्कामाचा. मनाली–लेहला दारचा सोडलं की रुमत्सेपर्यंत साधारण अडीचशे किमी नीट वस्ती नाही, सरचू-पांगचे तंबूवाले थंडी वाढली की आवरून खाली जातात, म्हणजे तंबू, भारी स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, जेवण सगळं कॅरियरवर आणि तेच ओझं घेऊन बारालाचा, तांगलांगसारखे घाट चढायचे. तांगलांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) 5,300 मीटरच्या वर आहे, तिथे बर्फ पडला तर रस्ताच बंद. शिमल्याकडून नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो अशी गावं लागत जातात, रात्री छप्पर आणि गरम डाळभात मिळतो, उंचीही हळूहळू वाढते. नाकोजवळ मात्र दरडी पडतात, तो पट्टा सकाळी लवकर काढायचा.

थंडी काझ्यातही कडक, बाटल्या उलट्या ठेवायच्या म्हणजे बर्फ बुडाशी धरतो, तोंड मोकळं राहतं.

आजारी पडलास तर? पिओ–काझा बस असते, सायकल टपावर टाकता येते. मनाली–लेहवर मात्र ट्रकला हात करायचा, तोही आला तर.

खर्चही शिमल्याचाच कमी, लेहहून सायकल बहुतेकदा पॅक करून विमानाने आणावी लागते.

उंच घाटच हवे असतील तर लेहला जुलै-ऑगस्टमध्ये जा. ऑक्टोबर आणि एकटा असशील तर काझाच, माझं स्पष्ट मत.