फाल्कन की अख्खा लाकडी पाईप?

आमच्या निपाणीत तंबाखूचं शेत, वखार, विडी सगळं दारात; पाईप ओढणारा मात्र विरळा. माझ्याकडे दोन आहेत. एक अख्खा ब्रायर लाकडाचा (ब्रायर म्हणजे एका झुडपाच्या मुळाची टणक गाठ), दुसरा फाल्कन नावाचा: अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि वर आट्यांनी बसणारी, तंबाखू भरायची लाकडी वाटी. ही रचना १९३०च्या दशकात अमेरिकेत निघाली.

पावसाळ्यात फरक कळतो. लाकडी पाईपमध्ये ओल मुरते, तळाशी गुरगुर होते, आणि एकदा ओढला की दिवसभर वाळत ठेवावा लागतो. फाल्कनमध्ये वाटीच्या भोकाखाली धातूची छोटी बशी आहे. ओल तिथं साठते. थंड झाल्यावर वाटी फिरवून काढायची, काळा चिकट रस फडक्यानं पुसायचा, कोरडी वाटी चढवायची, झालं. गरम लाकडी पाईपची दांडी मात्र उपसून काढू नका, सांधा मोडतो, माझा मोडलाय.

हातात धरायला लाकूडच भारी, ऊब वेगळीच. तरी रोजच्यासाठी मी फाल्कनच घेईन. अपाय दोन्हींत आहेच, बशीनं तो कमी होत नाही.

विडीचा जर्दा यात भरू नका. फार कडक लागतो, जीभ सोलते.