गॅस टर्बाइन: तेवीस वर्षं वापरून झाल्यावर

साडेतीन तारे. अर्धा तारा बडोद्याच्या उन्हाने खाल्ला.

शहराबाहेरच्या एका गॅसच्या वीजकेंद्रात मी शिफ्टला होतो. आता दांडिया बाजारात घरीच असतो. परवा पुतण्या म्हणाला, "काका, छपराछपरावर सोलर आलं, तुमच्या त्या मशीनचं आता काय काम?" म्हटलं, संध्याकाळी सातला विचार. सूर्य बुडायची आणि दिवे-एसी लागायची वेळ एकच. कोळशाचा थंड संच तेव्हा उठवायला जाल तर बॉयलर तापेपर्यंत लोक जेवून झोपलेले असतात.

टर्बाइनचं तसं नाही. कुठल्या केंद्राने किती वीज करायची ते ठरवणाऱ्या, गोत्रीच्या लोड डिस्पॅचमधून गुजरातीत फोन यायचा, "मशीन लई लो", म्हणजे चालू करा. आधी नुसती हवा फुंकून आत राहिलेला गॅस घालवायचा, मग ज्योत, मग वेग. मशीनचा ठेका ग्रिडशी जुळला का ते दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश फिरत बारावर आला की ब्रेकर लावायचा, म्हणजे मशीन ग्रिडला जोडायचं. कँटीनचा चहा येईपर्यंत निम्मं काम उरकलेलं. अर्ध्या तासाच्या आत मशीन पुऱ्या लोडवर, आणि विजेची मागणी वाढली की 50 हर्ट्झच्या खाली घसरणारा ग्रिडच्या वारंवारतेचा आकडा परत वर. हे बघायला मला शेवटच्या दिवसापर्यंत आवडायचं.

आता उन्हाचं. पाटीवरची क्षमता 15 अंशांना मोजलेली असते. आमच्याकडे मे महिन्यात 42-43. तापलेली हवा विरळ, त्यामुळे हवा दाबून आत ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरला ती वजनाने कमी मिळते, आणि दर अंशामागे अर्धा-पाऊण टक्का वीज गळते. म्हणजे साऱ्या गावाला एसी हवा असतो त्याच दुपारी हे दमतं. आत जाणाऱ्या हवेवर पाण्याचा फवारा देतात, आपल्या कूलरसारखा. पावसाळी दमट हवेत त्याचाही फारसा उपयोग नाही.

खाणंही जास्त. एकटी टर्बाइन गॅसच्या उष्णतेतली 35-40 टक्केच वीज करते. मागे तिच्याच गरम धुरावर चालणारा वाफेचा संच जोडला की नवी मशीनं 55 च्या वर जातात, पण मग पुन्हा वाफेची वाट बघा. आपली बरीच केंद्रं अशी जोडीची, चोवीस तास चालवायच्या हिशेबाने बांधलेली, आणि परवडेल असा गॅसच नाही. 2024 च्या मे-जूनमध्ये तर केंद्र सरकारला विद्युत कायद्याचं कलम 11 लावून ती चालवायला सांगावं लागलं. शिवाय प्रत्येक स्टार्ट म्हणजे आतल्या गरम भागांना एक चटका. एकदा ब्लेडसाठी आम्ही महिनोन्महिने थांबलो. पुरवठादाराचं नाव घेत नाही.

बॅटरी हिच्याहून चपळ, मान्य. पण दोन-चार तासांत रिकामी होते, आणि पावसाळ्यात आभाळ आठवडाभर उघडत नाही.

पुतण्याची खरी कुरकुर पैशांची: वर्षातून थोडे तास चालतं, मग उभ्या मशीनचे पैसे का द्यायचे? आमच्या माळ्यावर पाहुण्यांच्या सहा गाद्या वर्षभर पडून असतात. गणपतीत त्यातलीच एक त्याला लागते.