व्हिडिओ थांबवायचा: पोर्ट शून्य की इनअॅक्टिव्ह?

ऑफिस बेळगावच्या उद्यमबागेत, गोदाम खानापूरला, दोन्हीकडे आयपी फोन आणि गोदामाच्या गेटवर कॅमेरावाला फोन. अशी मांडणी करताना एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. पावसाळ्यात खानापूरकडची लाइन ढिली पडली, की बोलणं चालू ठेवून फक्त व्हिडिओ कसा थांबवायचा?

आवाज आणि व्हिडिओ कुठे, कसा पाठवायचा हे फोन ज्या मजकुरातून ठरवतात, त्या एसडीपीत दोन रस्ते आहेत. एक फोन ऑफर पाठवतो, दुसरा उत्तर देतो, आणि प्रत्येक माध्यमाची त्यात एक 'एम=' ओळ असते. पहिला, व्हिडिओच्या ओळीत पोर्ट (डेटा ज्या क्रमांकावर घ्यायचा तो) शून्य लिहायचा: 'एम=व्हिडिओ ०'. म्हणजे ती स्ट्रीम, म्हणजे व्हिडिओचा प्रवाह, संपली. आरटीपी (खुद्द आवाज-चित्राचा डेटा) नाही, आरटीसीपीही (त्या डेटाच्या पोचण्याचे अहवाल) नाही, पोर्ट मोकळे. ऑफरमध्ये शून्य आलं तर उत्तरातही शून्यच जायला हवं. पण ओळ पुसायची नाही. २००२ चा आरएफसी ३२६४ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) इथे कडक आहे: कॉल चालू असताना ओळी कमी होत नाहीत, आणि उत्तरात त्या तितक्याच आणि त्याच क्रमाने येतात. कुठलं उत्तर कुठल्या स्ट्रीमचं, हे जागेवरूनच ठरतं. ऑडिओ, व्हिडिओ, मजकूर अशा तीन ओळींतली मधली गाळली, तर मजकुराचं उत्तर व्हिडिओच्या माथी बसतं. शून्य केलेल्या जागेवर पुढे नवी स्ट्रीम बसवता येते, अगदी वेगळ्या प्रकारचीसुद्धा.

दुसरा रस्ता 'ए=इनअॅक्टिव्ह'. पोर्ट राखलेला असतो, आरटीपी दोन्ही बाजूंनी थांबतं, आरटीसीपी मात्र चालू राहतं. पुन्हा सुरू करायला नवी ऑफर लागतेच, पण स्ट्रीम तीच असते. आरटीसीपी वेगळ्या पोर्टवर असेल तर शांत पडलेली आरटीपीची वाट राउटर मिटवू शकतो. तिथे कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवायला अधूनमधून पाठवलेली छोटी पॅकेट्स) हवाच.

गेटचा व्हिडिओ त्याच कॉलमध्ये परत लागणार असेल तर मी इनअॅक्टिव्हच घेईन. ज्या फोनला स्क्रीनच नाही, त्याने व्हिडिओला सरळ शून्य द्यावं.

पत्त्यात ०.०.०.० घालून होल्ड करणारे जुने फोन अजून भेटतात. त्यांचं ऐकून घ्या, स्वतः तसं पाठवू नका. ब्राउझरवरून कॉल येणार असतील तर ऑफरमधली 'बंडल-ओन्ली' ओळ (जिची स्ट्रीम दुसऱ्या ओळीच्या पोर्टवरूनच जाते) शून्य पोर्ट असूनही बंद नसते, हेही सर्व्हरला कळायला हवं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला ॲस्टरिस्कवर (कॉल जोडणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) 'पीजेसिप सेट लॉगर ऑन' करून, म्हणजे फोनचे संदेश स्क्रीनवर दिसतील असं करून, साधा ऑडिओ फोन आणि गेटचा फोन जोडायला सांगा. ऑफरमध्ये दोन एम-ओळी आणि उत्तरात एकच दिसली, तर ते उत्तर देणारा फोन घेऊ नका.