१५०-६०० झूम, चार महिने माळावर: धूळ, मृगजळ आणि ट्यूबचा पट्टा

मार्च ते जून, सासवड-जेजुरीकडचे माळ, सुप्याचं मयुरेश्वर आणि साताऱ्यावरचं चाळकेवाडीचं पठार एवढ्या ठिकाणी ही १५०-६०० मिमीची झूम लेन्स वापरून झाल्यावर लिहितोय. दोन किलो वजन, ९५ मिमी फिल्टर, ६०० मिमीला छिद्र जास्तीत जास्त एफ/६.३ हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. खोक्यावर नसतं ते हे, की लेन्स लोंबते. तोंड खाली करून खांद्याला अडकवली की शे-दोनशे पावलांत नळी आपसूक बाहेर येते आणि १५० ची ६०० होते. लॉक आहे, पण फक्त १५० ला. तो लावून चालावं, तर बांधाआडून खोकड निघाल्यावर आधी बटण चाचपा, मग झूम करा. तोवर शेपटीचा काळा गोंडा तेवढा दिसतो. म्हणून लोक लॉक काढूनच फिरतात आणि नळी पिचकारीच्या दट्ट्यासारखी आत-बाहेर होत राहते. दरवेळी बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि मे महिन्यात माळावरची हवा म्हणजे अर्धी धूळच.

मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तर पुढच्या भिंगामागे बारा-पंधरा कण. दुपारचे फोटोही तेव्हाच मऊ, म्हणजे धूसर, यायला लागले होते. सर्व्हिस सेंटरने 'धूळ वॉरंटीत बसत नाही' म्हणून साफसफाईचे ४,२०० अधिक जीएसटी सांगितले. फोटो मऊ का, तर 'धुळीमुळेच असेल, सर.'

इथे लेन्सवरचा राग थोडा मागे घेतो. पुढच्या भिंगाजवळचे दहा-पंधरा कण फोटोत उमटत नाहीत. फार तर सूर्य समोर असताना कॉन्ट्रास्ट जरा उतरतो. पैसे भरायच्या आधी एवढं करा. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड, ६० मीटरवरून, लेन्स बीनबॅगवर टेकवून, एफ/८ आणि १/१६०० सेकंदाच्या शटरला सकाळी ७ वाजता दहा फ्रेम, दुपारी १२ ला दहा. दोष लेन्सचा असेल तर वीसही फ्रेम सारख्याच मऊ येतील. इथे सकाळच्या दहा लख्ख आल्या, आणि दुपारच्या प्रत्येक फ्रेममध्ये दगडावरची अक्षरं निराळ्याच बाजूला वाकलेली. मृगजळ, दुसरं काही नाही. तापलेल्या जमिनीलगत गरम आणि कमी गरम हवेचे थर सतत हलतात, त्यातून येणारा प्रकाश वाकतो. शटर वाढवून फार तर एखादी फ्रेम बरी निघते. मयुरेश्वरला साडेनऊनंतर शंभर मीटरवरचा चिंकारा टिपला तर तो नोंदीपुरताच. एसी गाडीच्या काचेतून फोटो काढत असाल तर काच उघडून, एसी बंद करून वीस मिनिटं थांबा, आणि हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं नळकांडं) काढा. थंड नळी नि गरम हवा एकत्र आली की हूडमध्येच छोटं मृगजळ तयार होतं.

(बीनबॅग विकत घेऊ नका. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक शिवा, दीड किलो मका भरा, दुसऱ्या टोकाला सुतळी.)

पंखागळ्या (गळ्याची घडी पंख्यासारखी उघडणाऱ्या) सरड्यांची अडचण अशी की त्यांना ऊन चढल्याशिवाय हुरूप येत नाही. २०१६ मध्ये यांच्यातल्या काहींच्या शास्त्रीय नावातच आपला 'सरडा' शब्द गेला. त्यातली 'सरडा सुपर्बा' ही जात चाळकेवाडीची. नर दगडावर चढून निळा-काळा-केशरी गळा फुलवतो तेव्हा जमीन तापलेली असते. उपाय एकच, मधली हवा कमी करा. चार मीटरवर या. पण सरळ चालत नाही: पाच पावलं, बसा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा पाच पावलं, आणि आपली सावली त्याच्या दगडावर पडता कामा नये. एकदा दगड ठरला की तो पुन्हा पुन्हा तिथेच येतो, मागे धावायचं कारण नाही. एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर चार मीटर, ६०० आणि एफ/८ ला फोकसची खोली जेमतेम दीड सेंटीमीटर. त्यामुळे सरडा अगदी आडवा दिसेल अशा बाजूने बसा, नाहीतर गळा लख्ख आणि डोळा धूसर.

माळटिटवीला मात्र हा जवळ जाण्याचा खेळ नको. एप्रिल-मेमध्ये अंडी उघड्या जमिनीवर असतात, आणि जोडी पोटाची पिसं भिजवून येऊन ती गार ठेवते. तुम्ही बसून राहिलात तर ती येत नाही आणि अंडी उन्हात भाजतात. ओरडायला लागली की उठा.



लोंबण्यावर उपाय पंक्चरवाल्याकडे फुकट मिळाला. जुन्या छोट्या चारचाकीच्या ट्यूबचा दोन बोटं रुंद आडवा काप, अर्धा झूम रिंगवर, अर्धा तिच्या शेजारच्या स्थिर भागावर. झूम जड होतं, पण चालताना नळी हलत नाही. पट्टा फोकस रिंगवर सरकू देऊ नका. उन्हाने रबर दीड-दोन महिन्यांत चिकट होतं, काळं लेन्सला लागायच्या आत बदला. वीस-पंचवीस रुपयांचं रबर कारखान्यातच बसवलं असतं तर काय बिघडलं असतं, हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर विचारलं. 'सर, त्याने वॉरंटी जाईल,' असं उत्तर आलं. साफसफाई न करता लेन्स परत आणली.