स्टीलचे स्ट्रॉ, आठ महिन्यांनंतर: वाकडे घेऊ नका

काल ब्रशची तार वाकड्या स्ट्रॉच्या वळणात तुटली आणि पुढचा केसाळ भाग आतच अडकला. म्हणून आजच लिहायला बसले.

आमच्याकडे स्ट्रॉ लागतो तो बाबांना. हाताला कंप आहे, पेला तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मं ताक सदऱ्यावर सांडतं. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली. कागदी आणून पाहिले, पण बाबा सावकाश पितात, अर्धा पेला संपायच्या आत टोकाचा लगदा होतो. मग स्टीलचा संच मागवला. दोन सरळ, दोन वाकडे, एक ब्रश, २४९ रुपये.

स्टीलबद्दल तक्रार नाही. गंज नाही, पोचा नाही. तक्रार आहे ती त्या वळणाची. सरळ स्ट्रॉ ट्यूबलाइटकडे धरून डोळा लावला की आरपार दिसतो. वाकड्याच्या आत काय आहे ते कळतच नाही. मी दोन महिने रोज ब्रश फिरवत होते आणि स्वच्छ झाला असं धरून चालत होते. एके दिवशी तो ओट्यावर आपटला, तर कोथिंबिरीचं काळं पडलेलं पान आणि पिवळट साका बाहेर आला. आंबूस वास. हे रोज बाबांच्या पोटात जात होतं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

ब्रशचे केस वळणात घासून तिसऱ्या महिन्यातच चपटे झाले होते. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, ब्रश सुटा मिळत नाही, संच परत घ्या. एका ब्रशसाठी पुन्हा २४९? मुळीच नाही.

मग परकराची नाडी ओवतो तशी युक्ती केली. जाड दोऱ्याच्या टोकाला बारीक काळा मणी बांधायचा, स्ट्रॉ नळाखाली धरायचा, पाण्याबरोबर मणी खाली उतरतो. दुसऱ्या टोकाला जुन्या सुती पातळाची करंगळीच्या नखाएवढी रुंद चिंधी बांधून ओढून घ्यायची. पहिल्या वेळी चिंधी तपकिरी होऊन बाहेर आली. तिसऱ्या वेळी पांढरी. काल कंटाळा करून पुन्हा ब्रश घातला, तिथेच चुकलं.

दूध-ताकाचा स्ट्रॉ पिऊन झाल्याबरोबर आधी गार पाण्याने खळखळून धुवा. एकदम कढत पाणी ओतलं की दूध आत चिकटून बसतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवला की सुटतो. आणि वाळवताना उभा ठेवा, आडवा नको.

सिलिकॉनच्या स्ट्रॉला मी आधी नाव ठेवलं होतं. हळदीच्या दुधाने चार दिवसांत पिवळा पडला, आणि कितीही धुतला तरी रंग जात नाही. ते मत आता मागे घेते. कंपामुळे स्टीलची कड बाबांच्या हिरडीला लागली, थोडं रक्त आलं, तेव्हापासून तोच वापरतो. पिताना हवा तसा वाकतो, धुताना ताणून सरळ करता येतो, दर रविवारी पाण्यात उकळता येतो. सरळ स्टीलचे दोन आम्ही बाकीचे कोकम सरबताला वापरतो. वाकडे दोन्ही आज भंगारात जातील. त्यांपैकी एकात ब्रशचा तो तुकडा अजून तसाच आहे.